फोन वाचायला तयार आहे, त्याला मजकूर तर द्या!

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना उपयोगी पडणाऱ्या तंत्रज्ञानावर आपल्या पुरवणीत आलेला लेख बहिणीने मला पाठवला. स्कॅन करणारी पेने, निरनिराळी अ‍ॅप, खास फॉन्ट असे बरेच काही त्यात होते. पण लेख ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांना तो आपल्या ई-पेपरमधून वाचता येणार नाही. मलाही आला नाही. बहिणीने फोनवर वाचून दाखवला. म्हणून हे पत्र.

मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे लिहिलेले वाचताना अडचण येते. काम लिफ्टच्या देखभालीचे. कंट्रोल पॅनलचा आराखडा समोर ठेवा, कुठली तार कुठे जाते ते मी लगेच सांगेन. परिच्छेद ठेवलात की गाडी अडली. जोडाक्षर फोडायला वेळ लागतो, रफार कुठल्या अक्षराआधी म्हणायचा ते शोधावे लागते. पहिल्या वेलांटीचे तर विचारूच नका : दिसते अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर. ओळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. तोच मजकूर कोणी वाचून दाखवला, तर मला दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही. शाळेत या सगळ्याची नोंद ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढीच झाली.

आता वाचून दाखवायला फोन आहे, आणि त्यासाठी महागडे काही घ्यावे लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीत, ‘सिलेक्ट टू स्पीक’ नावाची सोय असते. मजकुरावर बोट ठेवले की फोन मराठीत वाचू लागतो, वेग कमी-जास्त करता येतो, आणि जो शब्द वाचला जातोय तो रंगतो. हे रंगणे फार कामाचे आहे. कान पुढे पळत नाही आणि डोळा मागे राहत नाही. (मदत करायला आलेले लोक हटकून ‘टॉकबॅक’ चालू करून देतात. ती सोय मुख्यतः अंधांसाठी आहे. ती चालू झाली की स्पर्शाची सगळी रीतच बदलते आणि साधा फोनही उचलता येईनासा होतो.) लिहिण्यासाठी बोलून टाइप करणे आहेच. हे पत्र तसेच लिहिले; स्वल्पविराम तेवढे बहिणीचे.

अडचण इथून पुढे सुरू होते. आपल्या ई-पेपरचे पान हे चित्र आहे. त्यात अक्षरे दिसतात, पण फोनच्या लेखी तिथे अक्षर नाही. फोटोतून अक्षरे ओळखणारी अ‍ॅप मी वापरतो. वर्तमानपत्राच्या पानावर ती एका रकान्यातून थेट शेजारच्या रकान्यात शिरतात आणि अपघाताची बातमी क्रिकेटच्या धावांवर संपते.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, देवनागरीला 1991 पासून जागा आहे, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तरी आजही कितीतरी मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये जुळवला जातो. त्यात संगणकाकडे साठतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा चेहरा देतो. डोळस आणि सराईत वाचकाला फरक कळत नाही. फोन मात्र ती चिन्हेच वाचायला जातो आणि कानावर काहीच्या बाही पडते. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी पीडीएफमध्ये गेल्यावर पुष्कळदा पहिली वेलांटी जागा सोडते. म्हणजे जिथे मी अडतो, तिथेच आता माझा फोनही अडतो! म्हणून पीडीएफपेक्षा साधे वेबपान किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) बरे.

आपल्या लेखात खास फॉन्टचे फार कौतुक होते. 2011 मध्ये आलेला ‘ओपनडिस्लेक्सिक’ हा डिस्लेक्सिया असलेल्यांसाठीचा खास वळणाचा फॉन्ट रोमन लिपीसाठी केलेला आहे, आणि अक्षरांच्या तशा वळणामुळे वाचन सुधारते असे अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही. अंतराचा मुद्दा त्याहून भक्कम आहे. इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या 2012 च्या अभ्यासात, अक्षरांमधले अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुले जास्त वेगाने आणि कमी चुका करत वाचू लागली. मराठीत अक्षरे अशी लांब केली तर शिरोरेषा तुटते. पण दोन ओळींमध्ये आणि दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायला काय हरकत आहे? उजवी कड सरळ दिसावी म्हणून शब्द ताणण्याचा हट्टही सोडता येईल.

पुस्तकांच्या बाबतीत कॉपीराइटचे कारण पुढे केले जाते. 2013 चा माराकेश करार अंधांबरोबरच वाचनाची अक्षमता असलेल्यांसाठीही आहे. त्यांना वापरता येईल अशी प्रत करण्याची मुभा तो देतो आणि 2014 मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. त्यामुळे हे कारण मला तरी पटत नाही.

आमच्या कामावर सुरक्षेच्या सूचना छापील कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकल्या जात. त्याच सूचना टाइप केलेल्या संदेशात टाका, असे मी साहेबांना सुचवले. त्यांनी ते ऐकले. आता वाचनाची काहीही अडचण नसलेले सहकारीही मशीनरूममध्ये हात गुंतलेले असताना त्या ऐकतात.

आपल्याकडे प्रत्येक बातमी पानावर चढण्यापूर्वी मजकूर म्हणूनच टाइप झालेली असते. ई-पेपरमध्ये बातमीवर टिचकी मारली की तोच मजकूर युनिकोडमध्ये, एका रकान्यात उघडावा, एवढीच मागणी आहे. सगळा अंक एकदम जमत नसेल, तर ज्या पुरवणीत तो लेख आला तिच्यापासून सुरुवात करा.

आपला,
एक लिफ्ट तंत्रज्ञ
(नाव छापू नये, ही विनंती)