नाव विचारायचं राहून गेलं, त्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि पत्ताही माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही वाचाल, नाहीतर तुम्हाला ओळखणारं कुणीतरी वाचेल. खूण म्हणून सांगतो. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात, अगदी शेवटच्या खोक्यापाशी आपण भेटलो. तुमच्या हातात पेनाएवढी टॉर्च होती आणि पिशवीत रबर लावलेली छोटी वही. मी सात रेकॉर्डी छातीशी धरून पैसे द्यायला निघालो होतो. तुम्ही वाट अडवली नाहीत, नुसतं म्हणालात, "अहो, कव्हरं बघून झाली असतील तर आता रेकॉर्डी बघून घ्या."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तेव्हाच आभार मानायला हवे होते. पण तुम्ही काय दिलंत हे त्या दिवशी मला पुरतं कळलंही नव्हतं.

त्याआधी वर्ष-दीड वर्ष मी जुन्या रेकॉर्डी घेत होतो आणि दर दोन-तीन खरेदींमागे एकदा मन खट्टू होत होतं. एकदा न बघता मागवलेला गठ्ठा आला. प्रत्येकीवर विकणाऱ्याने "गुड" असं लिहिलं होतं. लावल्या तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखर. दुसरी एक पियानोची रेकॉर्ड होती, दिसायला नवी कोरी, पण लांबलेला प्रत्येक सूर पाण्यावर ठेवल्यासारखा हलायचा. मला वाटलं, प्लेअर बिघडला. पट्टा बदलला, पुन्हा बदलला, मोटर तपासून घेतली. सूर हलतच राहिला. हा नाद आपल्याला झेपणारा नाही, त्याला कान आणि पैसा दोन्ही लागतं आणि आपल्याकडे दोन्ही बेताचंच आहे, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं. तुम्ही भेटलात ते नेमके या दिवसांत.

तुम्ही माझ्या हातातली सगळ्यात वरची रेकॉर्ड घेतलीत. बाहेर काढताना कड तळहाताच्या बुडाशी टेकवलीत आणि बोटांची टोकं लेबलावर, काळ्या भागाला कुठेही स्पर्श नाही. मग ट्यूबलाइटकडे पाठ करून टॉर्च अगदी आडवी धरलीत. "सरळ उजेडात सगळ्याच चांगल्या दिसतात," म्हणालात. आणि खरोखरच, मघाशी आरशासारख्या चकचकीत वाटलेल्या त्या तबकडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या. मी लगेच ती बाजूला ठेवायला गेलो, तर तुम्ही थांबवलंत. या रेघा कागदी पाकिटात आत-बाहेर करताना पडतात, बऱ्याचदा ऐकूही येत नाहीत. तुम्ही बोट दाखवलंत ते जेमतेम पेराएवढ्या एका आडव्या चऱ्याकडे, जो मला दिसलाच नव्हता. त्यावरून नखाचं टोक अलगद फिरवायला सांगितलंत. नख किंचित अडलं. "नखाला लागला की कानाला लागणार," तुम्ही म्हणालात.

आणि मग हिशेब करून दाखवलात. एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३ १/३ फेरे फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. चऱ्याने सुईच्या खाचेचे दहा वेढे कापले असतील, तर दर १.८ सेकंदाला एक याप्रमाणे अठरा सेकंद टिक-टिक होणार. शंभर वेढे कापले असतील तर तीन मिनिटं. "सोसेल का तेवढं? मग घे. नाही सोसणार? मग ठेव." एव्हाना तुम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आला होतात, आणि मला फार बरं वाटलं होतं. चरा आडवा असला तर निदान सुई पुढे तरी सरकते. खाचेच्याच दिशेने गेलेला असला तर ती अडकते किंवा उडी मारते, हेही तुम्हीच सांगितलंत.

दुसरी रेकॉर्ड तुम्ही वेगळ्याच कारणाने परत ठेवलीत. तिच्यावर एकही चरा नव्हता. पण काळेपणात जिवंत चमक नव्हती, एक करडी, राखेसारखी छटा होती, आणि लेबलाकडे जावं तशी ती गडद होत होती. झिजलेल्या किंवा फार भार दिलेल्या सुईने वर्षानुवर्षं वाजवलेली, असं तुम्ही म्हणालात. मळ धुता येतो, झीज धुता येत नाही. लेबलाजवळच आधी का बघायचं, तेही समजावलंत. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आतल्या वेढ्यांत जेमतेम २० ते २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाबून बसवलेला असतो, त्यामुळे आधीच नाजूक असलेली ती जागा झिजली की मोठे सूर फाटतात. जोरकस शेवट असलेलं संगीत घ्यायचं असेल तर शेवटचे दोन सेंटिमीटर बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, ही तुमची शिकवण मी आजवर मोडलेली नाही.

लेबलावरच्या भोकाभोवतीच्या बारीक रेघाही तुम्ही दाखवल्यात. रेकॉर्ड लावताना प्लेअरच्या मधला दांडा शोधत फिरल्याच्या त्या खुणा. किती वेळा वाजली आणि किती घाईच्या हातांनी, हे त्या सांगतात. त्यानंतर मी कधी कुठलं लेबल नुसतं वाचून सोडलेलं नाही.

पियानोच्या रेकॉर्डची हकीकत मी उगाच बोलता बोलता सांगितली. तुम्ही हसलात आणि मला दुकानातल्या प्लेअरपाशी घेऊन गेलात. कुठलीतरी एक रेकॉर्ड लावलीत, आवाज बंद ठेवलात आणि म्हणालात, "कानाने नको, डोळ्याने ऐक." सुईचा हात दर फेऱ्याला थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे झुलत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा संथ. "भोक मध्यावर पडलेलं नाही. छापतानाच चुकलंय. सुई कधी मध्याच्या जवळ, कधी लांब, म्हणून सूर कधी चढा, कधी उतरता. गाण्यात किंवा व्हायोलिनमध्ये कंपन मुळातच असतं, तिथे हे खपून जातं. पियानोचा सूर सरळ असतो, तो लगेच चुगली करतो. तुझं मशीन ठणठणीत आहे रे." काकू, त्या शेवटच्या वाक्याने माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं, हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही. घरी जाऊन मी पहिलं काम केलं ते हेच, आवाज बंद करून नुसतं बघत बसलो. हात झुलत होता.

"गुड" या शब्दाचा उलगडाही तुमच्याचकडून झाला. जुन्या रेकॉर्डींच्या बाजारात ही एक शिडी आहे: मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. वरून पाचव्या पायरीवरचा "गुड" म्हणजे वाजेल, पण खरखर सोबतीला. मी तो शब्द त्याच्या रोजच्या अर्थाने वाचत होतो. तेव्हापासून मी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, जो तुम्ही शिकवलात: ही श्रेणी नुसती बघून दिली की वाजवून? प्रामाणिक माणूस लगेच उत्तर देतो.

माझ्या सातांमध्ये एक जड, जाड तबकडी होती. ती हातात घेताच तुमचा सूर बदलला. ही ७८ फेऱ्यांची, बहुतेक अशा रेकॉर्डींसारखी लाखेची, एलपीच्या प्लास्टिकची म्हणजे व्हायनिलची नव्हे. एलपी आली १९४८ साली. त्याआधीचं जग हे. हिची खाच रुंद, तिला साधारण तिपटीने जाड सुई लागते, माझी बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत बसली असती. आणि माझ्या मशीनला तो वेगच नव्हता. "धुतोस कशाने?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. तुम्ही ती तबकडी जवळजवळ माझ्या हातातून काढूनच घेतलीत. व्हायनिलला ते थोड्या प्रमाणात चालतं, पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मी त्याच संध्याकाळी ती धुतली असती, काकू. कुणीतरी कित्येक वर्षं न तडकू देता सांभाळलेला तो आवाज माझ्या ओट्यावर कायमचा पुसला गेला असता. तुम्ही ती दोन्ही हातांनी परत खोक्यात ठेवलीत, सगळ्यांच्या पुढे, म्हणजे मागच्यांचा भार तिच्यावर येणार नाही.

सातातल्या दोन उरल्या. मी हिरमुसलो असेन, कारण तुम्ही लगेच खाली वाकून, मी दोनदा ओलांडून गेलो होतो अशी एक रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिलीत. कव्हरची खालची शिवण उसवलेली, वर पिवळी पडलेली चिकटपट्टी, कोपऱ्यात कुणीतरी शाईने आपलं नाव लिहिलेलं. आत मात्र तबकडी शाईच्या दौतीसारखी काळीभोर. "कव्हर फाटलं म्हणून कुणी हात लावत नाही," तुम्ही म्हणालात. आज माझ्याकडे शंभरावर रेकॉर्डी आहेत आणि त्यांतली सर्वांत शांत रेकॉर्ड तीच आहे.

शांत म्हणजे किती, ते तुम्हाला सांगायचंय. ती चेलोची, म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या, खर्जातल्या भावंडाची आहे. रात्री सगळं निजल्यावर मी ती लावतो. सुई टेकते, मग नुसती काळोखासारखी शांतता, आणि चेलो सुरू होण्याच्या बरोबर एक फेरा आधी त्याच पहिल्या सुराची अगदी पुसट चाहूल. शेजारच्या वेढ्यातल्या जोरकस सुराने मधली भिंत किंचित दबलेली असते, म्हणून पुढचा आवाज १.८ सेकंद आधीच डोकावतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुई उचलून पुन्हा ठेवली, भास झाला असं वाटून. खरखरीच्या रेकॉर्डवर हे कधीच ऐकू आलं नसतं. त्या क्षणी खोलीत मी एकटा नव्हतो, तुम्ही टॉर्च धरून उभ्या होतात असं वाटलं.

बाकीही सगळं चालू आहे. रेकॉर्डी उभ्या ठेवतो, एकीवर एक रचत नाही. आतली जुनी कागदी पाकिटं बदलली. पीव्हीसीची मऊ पाकिटं काढून टाकली. त्यांनी एका रेकॉर्डवर धुरकट थर चढवला होता, तो धुऊनही पूर्ण गेला नाही.

आता या पत्राचं खरं कारण. निघताना तुम्ही म्हणाला होतात की कव्हरात नेहमी हात घालून बघायचं, कारण भलतीच रेकॉर्ड भलत्या घरात सापडते. आणि मग वही उघडून तुम्ही तुमची स्वतःची एक हुकलेली गोष्ट दाखवलीत. प्रत्यक्ष मैफलीचा दोन तबकड्यांचा संच, त्यातली एक कित्येक वर्षांपूर्वी उसनी गेली ती परत आली नाही. तुमच्याकडे बाजू पहिली आणि चौथी. मी म्हणालो, छपाईत चूक झाली असणार, पहिलीच्या मागे दुसरी हवी. तुम्ही समजावलंत, चूक नाही. एकावर एक रचलेल्या रेकॉर्डी आपोआप खाली टाकणारे प्लेअर तेव्हा असायचे. पहिली बाजू संपली की दुसऱ्या तबकडीची दुसरी बाजू वर पडायची, मग अख्खा गठ्ठा एकदाच उलटायचा आणि तिसरी, चौथी. वहीत लिहिलेला त्या संचाचा नंबर तुम्ही ज्या हळुवारपणे बोटाने दाखवलात, ते पाहून मी तो गुपचूप पावतीच्या मागे उतरवून घेतला होता.

गेल्या महिन्यात, नृत्यसंगीताच्या एका भडक कव्हरात हात घातला आणि बाहेर आली ती या कव्हराशी काहीही संबंध नसलेली तबकडी. लेबलावर बाजू दुसरी. उलटली. बाजू तिसरी. तुम्ही भेटला नसता तर छपाईतली चूक म्हणून मी ती परत सरकवली असती. पावती माझ्या पाकिटातच होती. आकडा न् आकडा जुळला.

टॉर्च आडवी धरून बघितली आहे. काही बारीक रेघा, नखाला लागणारं काहीही नाही. आतल्या वेढ्यांत करडेपणा नाही. प्लेअरवर सुईचा हात स्थिर राहतो. धुऊन, वाळवून मी ती फक्त एकदाच वाजवली, तपासायला म्हणून. टाळ्या विरत जातात आणि दुसरी बाजू संपते. तिसरी सुरू होते तेव्हा प्रेक्षकांत कुणीतरी खोकतं आणि वादक क्षणभर थांबतो. मैफलीची सुरुवात आणि शेवट तुमच्याकडे आहे, मधला भाग माझ्याकडे.

नव्या पाकिटात घालून ती उभी ठेवली आहे. वहीतला तो नंबर कळवा, म्हणजे ओळख पटेल. तुम्ही सांगाल तिथे मी स्वतः घेऊन येतो.

आपला नम्र,
सात रेकॉर्डी घेऊन निघालेला