थिएटर कमांडच्या आदेशात निवाडा कोण करणार ते लिहा: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

तिन्ही सेनादलांच्या थिएटर कमांडची, म्हणजे एका क्षेत्रातील तिन्ही दलांच्या तुकड्या एकाच सेनापतीखाली आणण्याची, आखणी चालू असताना जर्मन नौदलाच्या इतिहासातील काही गोष्टी आपल्यासमोर ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते.

१८७२ पासून जर्मन नौदलाचा सारा कारभार एकाच अ‍ॅडमिरल्टीच्या हाती होता. १८८९ मध्ये कैसर (जर्मन सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मने तो तिघांत वाटला. युद्धनेतृत्व एकाकडे, जहाजबांधणी व खर्च दुसऱ्याकडे आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका स्वतःच्या खासगी नौदल कार्यालयाकडे. १८९९ मध्ये तर युद्धनेतृत्वाचे कार्यालयच मोडून त्याने नौदलाचे सेनापतिपद स्वतःकडे घेतले. तेव्हापासून अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांना थेट कैसरला भेटण्याचा हक्क राहिला, पण त्यांच्यातील वाद मिटवणारा अधिकारी मध्ये कोणीच उरला नाही. ज्या टिर्पिट्झ यांनी आरमार उभारले, त्यांच्याकडे १९१४ मध्ये ते लढवण्याचा अधिकार नव्हता. एकमुखी नेतृत्व नौसेनापती राइनहार्ड शेअर यांच्या हाती आले ते ऑगस्ट १९१८ मध्ये, युद्ध संपायला जेमतेम तीन महिने उरले असताना.

हिटलरने ४ फेब्रुवारी १९३८ रोजी तिन्ही दलांसाठी संयुक्त सर्वोच्च लष्करी कार्यालय स्थापन केले आणि सेनाधिकारी कायटेल यांना प्रमुख नेमले. नाव संयुक्त असले, तरी विमानदलाच्या गोरिंगला हुकूम देण्याची ताकद कायटेल यांच्याकडे नव्हती. याची किंमत २२ फेब्रुवारी १९४० च्या रात्री उत्तर समुद्रात दिसली. डॉगर बँककडे निघालेल्या सहा जर्मन विनाशिकांवर जर्मनीच्याच बॉम्बफेक्या विमानाने हल्ला केला, कारण त्या पट्ट्यात आपली विमाने फिरणार आहेत हे जहाजांना आणि आपली जहाजे आहेत हे वैमानिकांना कळलेच नव्हते. ‘लेबेरेख्त मास’ बुडाली, तिच्यापाठोपाठ ‘माक्स शुल्त्स’ही, बहुधा सुरुंगाने, बुडाली आणि ५०० हून अधिक खलाशी गेले. ही माणसे शत्रूच्या शौर्याने मेली नाहीत, दोन कार्यालयांमधल्या न पोहोचलेल्या निरोपाने मेली, हे वाचताना आजही जीव हळहळतो.

युद्धानंतरच्या लोकशाही जर्मनीतही १९५७ पासून असलेल्या प्रमुख निरीक्षकाला (तिथल्या सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याला) दलप्रमुखांचा वरिष्ठ ठरवायला २०१२ उजाडले.

आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने संयुक्त संस्थांच्या प्रमुखांना सर्व दलांतील जवानांवर शिस्तीचा अधिकार दिला, हे पाऊल मोलाचे आहे. तथापि शिस्त वेगळी आणि युद्धातील निवाडा वेगळा. म्हणून विनंती अशी, की सागरी कमांडप्रमुखाने मागितलेली विमाने हवाईदलाने नाकारल्यास निर्णय कोणी आणि किती वेळात द्यायचा, हे आदेशातच लिहिले जावे. ८ डिसेंबर २०२१ पासून ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत संरक्षण दल प्रमुखांचे पद रिकामे होते. असा प्रसंग पुन्हा आल्यास हा अधिकार त्या दिवसापासून कोणाकडे जाईल, हेही त्याच आदेशात नमूद व्हावे आणि त्यातील गोपनीय नसलेला भाग संसदेपुढे ठेवला जावा.

आपला,
लष्करी इतिहासाचा एक अभ्यासक