मजुरी सूर्यास्ताच्या आत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चमध्ये न्यायावर उपदेश असला की बोलणे अखेरच्या न्यायाच्या दिवसाकडे वळते, नाहीतर कोर्टकचेरीकडे. पवित्र शास्त्रात मात्र न्यायाचा मुक्काम बाजारात आणि मजुराच्या दारात जास्त आहे. पवित्र शास्त्राच्या इब्री (हिब्रू) भाषेतला ‘मिश्पात’ म्हणजे निवाडा खराच, पण ज्याच्या हक्काचे ते त्याला देणे हाही त्याचा अर्थ. ‘अनुवाद’ या पुस्तकात (अध्याय 18, वचन 3) याजकाच्या, म्हणजे पुरोहिताच्या, ठरलेल्या वाट्याला हाच शब्द आहे.

आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातले 8:5 घ्या. एफा लहान आणि शेकेल मोठा करणाऱ्या व्यापाऱ्यांना संदेष्टा फटकारतो. एफा हे धान्याचे माप, तर शेकेल हे चांदी तोलायचे वजन, सुमारे 11 ग्रॅमचे. तेव्हा नाणी नव्हती, चांदी तोलून द्यावी लागे. म्हणजे गिऱ्हाइकाला धान्य कमी मिळे आणि चांदी जास्त मोजावी लागे. एकाच सौद्यात दोनदा लूट. वर गव्हात भुसा. अनुवाद 25:13 थैलीत दोन प्रकारची वजने ठेवायलाच बंदी घालते, ती यासाठी. वापरणे तर दूरच, जवळ बाळगणेही नको.

गहाणाचा नियमही असाच बारकाईचा. जात्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही (अनुवाद 24:6). उचलून न्यायला सोपी तीच, आणि ती गेली की खालची निरुपयोगी. त्या घरातले दळण त्याच दिवशी बंद.

त्याच अध्यायात, 15व्या वचनात, मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या अशी आज्ञा आहे. कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. मजूर परदेशी असला तरी हाच नियम. आपल्या वेतन संहिता 2019 चे कलम 17 रोजंदारीबाबत हेच सांगते: पाळी संपताच वेतन. मासिक पगारालाही पुढच्या महिन्याच्या 7 तारखेची मर्यादा आहे.

गाडी अडते ती आपल्याच आवारात. चर्चची रंगरंगोटी निघाली की काम मुकादमाला दिले जाते. बिल कमिटीच्या मासिक सभेत मंजूर होणार, चेकवर दोन सह्या लागणार, त्यात खजिनदार गावाला गेलेले. तोवर बिगाऱ्याला ‘सोमवारी या’. यात कोणाची नियत वाईट असते असे नाही. पण याकोबाच्या पत्रात (5:4) अडकवलेली मजुरी ओरडते, ती नियत विचारून नव्हे.

उपाय अवघड नाही. काम सुरू होण्याआधीच आठवड्याच्या मजुरीएवढी रोख बाजूला काढावी आणि रोज संध्याकाळी वाटपाचा अधिकार एकाच माणसाला द्यावा. हजेरीपत्रकावर नाव, रोज, उचल आणि हाती पडलेली रक्कम असे रकाने हवेत, पुढे मजुराची सही किंवा अंगठा. मुकादमाचा पुढचा हप्ता हे पत्रक पाहूनच सोडावा. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या पगारालाही तारीख ठरवून ठेवावी. आपण गावाला गेलो म्हणून त्यांचा खाडा धरणे तर सरळ लबाडी आहे.

आणि आधीचे राहिले असेल तर? ‘लेवीय’ या पुस्तकातल्या 6:5 प्रमाणे बळकावलेले पुरते परत करायचे, वर पाचवा हिस्सा द्यायचा, आणि तो दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल देवाला अर्पण करण्याच्या, दिवशीच. 3,000 रुपये अडकले असतील तर 3,600. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केले, ही त्याची मोठी उडी; आपण निदान पाचव्या हिश्शापासून सुरुवात करू शकतो. व्हाउचरवर मात्र ‘मदत’ लिहू नये, ‘थकीत मजुरी’ असेच लिहावे, आणि ते 600 खालच्या ओळीत वेगळे दाखवावेत.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक