जुन्या संगणकासाठी ब्राउझर शोधणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. छापखान्यातल्या संगणकावर बँकेची साइट उघडत नाही, सातबारा पाहायला जावे तर पान अर्धवट येते आणि ज्याला विचारावे तो "हे आता भंगारात काढा" म्हणतो, हे वाचून वाईट वाटले. तो संगणक अजिबात काढू नकोस. त्यावर पाने जुळवायचे पेजमेकर आणि मराठी फॉन्टांची श्रीलिपी, यांतच तुझे आजवरचे सारे काम आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि फॉन्ट युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीचे. त्या फॉन्टांशिवाय त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर मराठी अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसते. लोक मशीन बदलायला सांगतात तेव्हा हे काम त्यांच्या डोळ्यांसमोर नसते.

सर्वांत आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघ. तू लिहिले आहेस की वीज गेली की घड्याळ मागे जाते आणि नंतर प्रत्येक साइटवर कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. यात ब्राउझरचा काही दोष नाही. सुरक्षित साइट आपली ओळख पटवायला जे डिजिटल प्रमाणपत्र दाखवते, त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाला २००९ साल चालू आहे असे वाटत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी, ३ व्होल्टची बॅटरी असते, ती संपली आहे. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढ, कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला सारलीस की बॅटरी आपोआप वर येते. नवी बॅटरी लिहिलेली बाजू वर ठेवून बसव, मग मशीन सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, जाऊन तारीख लाव. घड्याळाच्या दुकानातही ही बॅटरी मिळते. तुझ्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतील, असा माझा कयास आहे.

आता ब्राउझरविषयी. तुझ्याकडे विंडोज ७ आहे आणि त्या प्रणालीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ मधली. पुढच्या महिन्यात आलेल्या ११० ला विंडोज १० लागते. तुझ्याकडे तीच १०९ आहे, म्हणून ती "अद्ययावत करा" असे सांगत राहते पण अद्ययावत होत नाही. तेव्हापासून सापडलेली सुरक्षेची भोके त्यात तशीच उघडी आहेत. ती वापरून वर्तमानपत्र वाचलेस तर मी काही बोलणार नाही, पण बँकेचा पासवर्ड त्यात टाकू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

विंडोजवरच राहायचे असेल तर फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घकालीन आवृत्ती घे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जुलै २०२३ मध्ये ती काढली, आणि विंडोज ७, ८ व ८.१ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच शाखेतून देत राहण्याचे ठरवले. मूळ मुदत सप्टेंबर २०२४ पर्यंतची होती, ती नंतर वाढवली गेली. उतरवण्याआधी मोझिलाच्या पानावर सध्याची मुदत पाहून घे, आणि ११५ मधलीही सर्वांत ताजी उपआवृत्तीच घे, कारण ११५.१३ पेक्षा जुन्या प्रतींमधले एक मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रे तपासली जातात ते) १४ मार्च २०२५ रोजी संपले आणि त्यानंतर त्यांतली ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या सोयी, बिघडण्याची शक्यता निर्माण झाली. फायरफॉक्सचा आणखी एक गुण जुन्या मशीनवर फार उपयोगी पडतो. विश्वासू प्रमाणपत्रांची यादी तो स्वतःजवळ बाळगतो, विंडोजच्या शिळ्या यादीवर विसंबत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला साइटना प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेशी जोडलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा जगभर कित्येक जुन्या उपकरणांवर धडधाकट साइट उघडेनाशा झाल्या. त्या घोळात ही स्वतंत्र यादी कामी आली.

फायरफॉक्स बसवलास की लगेच युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे ॲड-ऑन घाल. तुझ्या २ जीबी रॅममध्ये सर्वांत मोठा फरक यानेच पडतो, कारण बातमीच्या पानावर मजकूर थोडा असतो आणि जाहिराती व पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टांचे ओझे फार. ते आधीच अडवले की पान हलके होते. व्हिडिओ ३६० पीवर बघ, आणि एका वेळी दोन-तीनच टॅब उघडे ठेव.

तू सुपरमियम या ब्राउझरबद्दल विचारले आहेस. ते क्रोमियमचे, म्हणजे क्रोमच्या खुल्या मूळ रूपाचे, रूपांतर आहे, एक्सपीपासून पुढच्या जुन्या विंडोजवर नवी पाने उघडते, आणि ते करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण त्यामागे मोजकेच हात आहेत. भोक सापडल्यावर दुरुस्ती किती दिवसांत पोहोचेल, हे त्या हातांच्या सवडीवर ठरणार. पेल मून हा फायरफॉक्सच्याच घराण्यातून फुटलेला, पाने दाखवणारे स्वतःचे गोआना इंजिन असलेला ब्राउझर आहे आणि साध्या वाचनाला चांगला आहे, पण बँकांच्या नव्या पानांवर तो अडतो. डिलो हा ब्राउझर अतिशय हलका, पण आजच्या बहुतेक साइट ज्यावर चालतात ती जावास्क्रिप्ट तो चालवतच नाही, म्हणजे लॉगिनचा प्रश्नच मिटला. हे तिन्ही तुझ्या कामाचे नाहीत.

खरे सांगायचे तर मी तुझ्या जागी असतो तर विंडोजसाठी ब्राउझर शोधलाच नसता. छपाईचे काम आणि इंटरनेटचे काम वेगळे केले असते, मशीन मात्र तेच ठेवले असते. तुझ्या पत्रातली एक ओळ मला महत्त्वाची वाटली. तू लिहितोस की संगणक ३२ बिटचा आहे, म्हणून काही होणार नाही. तसे नाही. ३२ बिट आहे ती तुझी विंडोज. खालचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. २०२१ पासून क्रोमला लागणाऱ्या एसएसई३ या प्रोसेसरच्या खास सूचनाही त्याला कळतात. खऱ्या ३२ बिटच्या जुन्या पेंटियमवर हात टेकावे लागले असते, कारण लिनक्सवर (विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर) क्रोमने ३२ बिटला २०१६ सालीच निरोप दिला आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही १३ व्या आवृत्तीपासून तशा मशीनवर नव्याने बसवण्याची सोय काढून घेतली. तुझ्या मशीनवर हे बंधन नाही. त्यावर ६४ बिटचे हलके लिनक्स चालेल, आणि त्यात आजचा, पूर्ण दुरुस्त फायरफॉक्स मिळेल, मुदतवाढीच्या आशेवर बसायला नको.

यासाठी हार्ड डिस्कला हात लावण्याचीही गरज नाही. अँटीएक्स नावाचे लिनक्सचे वितरण, म्हणजे तयार संच, पेनड्राइव्हवरून थेट चालते आणि इतक्या रॅममध्ये बऱ्यापैकी पळते. लिनक्स मिंट या दुसऱ्या वितरणाची एक्सएफसीई ही हलकी आवृत्तीही बघण्यासारखी आहे, पण तिला किमान २ जीबी लागते आणि ४ जीबी असली तरच ती मोकळेपणाने वावरते. जुन्या बाजारात डीडीआर२ रॅमची एखादी पट्टी मिळाली तर जरूर घे, मात्र तुझा बोर्ड किती घेतो ते आधी पाहा. मराठीची काळजी करू नकोस. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट घातला की जोडाक्षरे नीट दिसतात, आणि तुझ्या बोटांना सवय असलेला इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही आहे. नेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट संगणकाला देण्याची सोय, चालू कर. लिनक्स तो बहुधा लगेच ओळखते, वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

सकाळी विंडोज सुरू करून नेट न जोडता छपाईची जुळणी करायची, आणि बँकेचे किंवा सातबाऱ्याचे काम आले की पेनड्राइव्ह लावून मशीन पुन्हा सुरू करायचे. या अदलाबदलीला दोन-तीन मिनिटे जातील, हा त्रास आहे हे मी नाकारत नाही. पण ज्या विंडोजवर तुझे सारे काम आहे ती नेटवर गेलीच नाही, तर तिला नेटवरून होणारा धोका टळतो, आणि माझ्या मते ही मिनिटे त्यासाठी फार मोठी किंमत नाही.

अँटीएक्स घातलेला पेनड्राइव्ह मीच तयार करून या आठवड्यात कुरिअरने पाठवतो. तो येईपर्यंत बॅटरी बदलून ठेव, पेजमेकरच्या सगळ्या फाइली फॉन्टांसकट दुसऱ्या डिस्कवर उतरवून घे, आणि मशीन सुरू होताना बूट मेनूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीसाठी) कोणती कळ दाबायची ते पडद्यावर येते का बघ. बहुतेक एफ १२ किंवा एफ ८ असेल. पेनड्राइव्ह लावल्यावर डिस्कवर बसवायचे का असे विचारले गेले तर तूर्त नाही म्हण. काही अडले तर पडद्याचा फोटो पाठव, मी रात्री नऊनंतर मोकळा असतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित