पोस्टातली ठेव पोस्टातच राहू द्या

वडोदरा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची ठेव मोडून माझ्या घरकर्जात भरायचं म्हणालात, आणि मागून आईचा आवाज आला, "माझ्या पाटल्यापण आहेत." फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. ते पैसे मी घेणार नाही, पाटल्या तर नाहीच नाही.

तुम्हाला धसका बसला तो बँकेचं स्टेटमेंट बघून. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता २६,०३५. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं जेमतेम ४,७८५. त्या आकड्याखाली तुम्ही पेन्सिलीने मारलेली रेघ मी इंदूरला आले तेव्हा पाहिली. पण बाबा, व्याज लागतं ते शिल्लक मुद्दलावर, आणि सुरुवातीला सगळंच शिल्लक असतं. दर महिन्याला व्याजाचा वाटा थोडा घटतो, मुद्दलाचा वाढतो.

शिवाय माझं कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, जोडलेलं आहे. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तसा माझा दर सव्वासातवर आला. हप्ता मी मुद्दाम तेवढाच ठेवला, त्यामुळे मुदत तीन वर्षांहून जास्त कमी झाली. उद्या दर चढले तर ती पुन्हा वाढेलही, तेही मी धरून चालले आहे.

आता तुमची ठेव बघा. तिच्यावर तुम्हाला ८.२ टक्के मिळतात, दर तिमाहीला खात्यात जमा होतात. ते सोडून सव्वासातचं कर्ज कशाला फेडायचं? वर ठेवीला दोन वर्षं झाली असली तरी पाच वर्षं पुरी व्हायच्या आत मोडली, तर मुद्दलातून एक टक्का कापतात. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे हिशोब तपासलेत, हा तुम्हाला कसा पटेल? त्या व्याजावर तुमची औषधं येतात, मावशींचा पगार निघतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर हातात रोकड लागेल. माझ्या फ्लॅटच्या भिंतींत गेलेला पैसा त्या वेळी काढता यायचा नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुमच्याकडूनच शिकले. सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या एफडीत आहे, तिला हात लावत नाही. दिवाळीचा बोनस आला की थेट मुद्दलात भरते. बदलत्या दराच्या घरकर्जावर असं आधी फेडायला दंड नसतो. दस्तावेज माझ्या एकटीच्या नावावर केला, कारण गुजरातेत बाईच्या नावावर घर घेतलं की एक टक्का नोंदणी फी माफ होते. ते वाचलेले पैसे मेंटेनन्स आणि वेराबिलासाठी, म्हणजे घरपट्टीसाठी, बाजूला ठेवले.

आणि घराचा विमा. तो बहुतेक जण काढत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, लोकांचे फ्रिज, गाद्या, कपाटं रस्त्यावर वाळत पडलेली मी पाहिली आहेत. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग, पूर, भूकंप सगळं येतं. विमा बांधकामाच्या खर्चाएवढा काढायचा असतो, जागेच्या बाजारभावाएवढा नाही, त्यामुळे हप्ता परवडतो. रामबागेतल्या आपल्या घरालाही काढू या. प्रीमियम मी भरेन, एवढं मला करू द्या.

तुम्ही एक काम करा. ठेवीला नॉमिनी कोण लावलाय ते पासबुकात बघा. आई, तुझं नाव नसेल तर बाबांबरोबर पोस्टात जा आणि फॉर्म भरून घे. मग त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुमची,
लेक