बाण सुटला म्हणजे सिनेमा संपला असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत जुलमी राजवटीविरुद्धच्या बंडाची गोष्ट सांगणाऱ्या ‘हंगर गेम्स’ मालिकेतल्या, नायिका कॅटनिसच्या शेवटच्या चित्रपटाबद्दल, म्हणजे ‘मॉकिंगजे – भाग २’बद्दल, प्रेक्षकांची मतं छापली आहेत. रात्री झोपण्याआधी वाचली आणि झोपच उडाली. आज सकाळी पुन्हा वाचून पाहिली, तरी राग उतरला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नऊ जणांची मतं आहेत, त्यांतल्या सहा जणांचा सूर एकच. कॅटनिसचा बाण बंडखोरांची प्रमुख कॉइन हिला लागला, तिथेच पडदा पडायला हवा होता, पुढचं सगळं रेंगाळलेलं. एकाने लिहिलंय, ‘मांजर दाखवून वेळ काढला.’ नेमकं तेच वाक्य तुम्ही उचलून चौकटीत ठळक टाइपात घेतलंत.

मला त्या मांजराबद्दलच बोलायचं आहे.

बटरकप हे कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं मांजर. २०१२च्या पहिल्या चित्रपटात अगदी सुरुवातीलाच ते कॅटनिसवर फिस्कारतं आणि ती त्याला शिजवून खाईन म्हणून दम देते. त्या दोघांचं कधीच पटलं नाही. ते एका घरात राहिले ते फक्त प्रिममुळे. ‘मॉकिंगजे’च्या पहिल्या भागात तेराव्या डिस्ट्रिक्टवर, म्हणजे बंडखोरांच्या जमिनीखालच्या तळावर, बॉम्बहल्ला होतो. खालची जाडजूड दारं बंद व्हायला लागलेली असतात आणि प्रिम त्या मांजरासाठी मागे राहिलेली असते. कॅटनिस जिवाच्या आकांताने ओरडते आहे, दार मिटत चाललंय आणि मुलगी मांजराला छातीशी धरून कशीबशी आत पोचते. हा प्रसंग ज्यांनी पाहिला, त्यांना शेवटच्या भागात तेच मांजर एकटं चालत घरी आलेलं बघून काहीच कसं वाटलं नाही?

कॅटनिस त्याला हाकलते. प्रिम इथे नाहीये, म्हणून त्याच्यावर ओरडते, काहीतरी फेकून मारते. ते जात नाही. आणि मग तिचा बांध फुटतो. प्रिम गेल्यापासून ती अशी रडलेली आपण पाहिलेलीच नसते. मधल्या काळात ती भाजलेली पडून असते, पाडाव झालेला जुलमी अध्यक्ष स्नो याला भेटते, कॉइनच्या बैठकीत मत देते, बाण मारते. रडायला तिला वेळच मिळालेला नसतो. ज्यांना हा भाग फुकटचा वाटतो, त्यांच्यावर अशी वेळ आली नसेल आणि येऊही नये.

माझ्यावर आली होती. माझी धाकटी बहीण नर्स होती. २०१४ साली ती गेली. सकाळच्या पाळीसाठी तिने फोनवर पहाटे ४.५०चा गजर लावलेला होता, रोजचा. आई फोन बंद करू देईना. तो चार्जरला लावलेलाच असायचा, कपाटावर. लॉक कुणालाच उघडता येत नव्हतं. वाजला की बोटाने सरकवून थांबवायचा, की दुसऱ्या दिवशी ४.५०ला पुन्हा सुरू. मी तोवर रडले नव्हते. येणारी-जाणारी माणसं होती, बँकेचे कागद होते, मृत्यूच्या दाखल्यासाठी खेपा होत्या आणि आईला सांभाळायचं होतं. तीन-साडेतीन आठवड्यांनी एका पहाटे तो वाजला आणि मी त्या फोनवर ओरडले. ती येणार नाहीये आता ड्यूटीला, कळत नाही का तुला, असं काहीतरी. आपटायला म्हणून उचलला. तो हातात थरथरत होता, व्हायब्रेटवरही होता ना. मला तो खाली ठेवता येईना. तसाच मुठीत धरून मी फरशीवर बसले आणि उजाडेपर्यंत रडले.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हा सिनेमा थिएटरमध्ये पाहिला तेव्हा मला मांजर येणार हे माहीत नव्हतं. पुस्तक मी नंतर वाचलं. तो प्रसंग आला तेव्हा माझ्या मागच्या रांगेतली दोन-तीन पोरं हसली. त्यांचं मी मनावर घेतलं नाही, वयच तसं होतं. पण पुढे माळरानाचा प्रसंग सुरू झाला, कॅटनिस मांडीवरच्या बाळाशी बोलायला लागली आणि सभागृहातले दिवे लागले. दोन्ही बाजूंची दारं उघडली. काळ्या पिशव्या आणि झाडू घेऊन माणसं पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. ते पाहून प्रेक्षकही उठले आणि पडद्याच्या आडवे आले. ती बाळाला काय सांगते ते मला ऐकूच आलं नाही. बाहेर येऊन मॅनेजरकडे तक्रार केली. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, पिक्चर संपलाच होता.’

काल तुमच्या पुरवणीत मला तेच वाक्य सहा वेळा वाचायला मिळालं.

ती काय सांगते ते मी नंतर घरी पाहिलं. तिला अजून वाईट स्वप्नं पडतात आणि त्यातून तरून जायला ती मनातल्या मनात एक यादी करते, माणसांना आपण जे जे चांगलं करताना पाहिलं त्या सगळ्याची. हे ऐकायचं नसेल तर चार चित्रपट पाहिले कशासाठी? नुसत्या मारामारीसाठी दुसरे पुष्कळ चित्रपट आहेत.

एका बाईंनी लिहिलंय की प्रिमचा मृत्यू फार घाईत उरकला आणि बॉम्ब कोणी टाकला ते धड कळत नाही. हे मत मला निदान समजू शकतं, तो प्रसंग खरंच काही क्षणांत संपतो. पण बाईंना विनंती आहे, तेवढाच भाग पुन्हा बघा. स्नोच्या वाड्यासमोर लहान मुलं गोळा केलेली आहेत. वरून चंदेरी पॅराशूट उतरतात. पहिल्या चित्रपटात अशाच एका पॅराशूटमधून कॅटनिसच्या भाजलेल्या पायासाठी मलम आलं होतं, म्हणून मुलं हात वर करतात. स्फोट होतो. जखमींना उचलायला वैद्यकीय पथक धावतं, त्यात प्रिम असते, आणि मग दुसरा स्फोट होतो. कॅटनिसचा मित्र गेल आणि बंडखोरांचा तंत्रज्ञ बीटी यांनी ही युक्ती आधीच आखलेली आपण पाहिलेली असते. पहिला स्फोट जखमी करण्यासाठी, दुसरा त्यांच्या मदतीला येणाऱ्यांसाठी. कॅटनिस विचारते तेव्हा गेलला ‘तो आमचा नव्हता’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही. याहून स्पष्ट काय हवं? माझी बहीण धावणाऱ्यांपैकी होती. रात्री-अपरात्री फोन आला की निघायची. दुसरा स्फोट नेमका अशा माणसांसाठी जपून ठेवणाऱ्यांच्या हाती राज्य जाऊ नये, म्हणून तो बाण कॉइनला लागतो. आणि त्या बाणाला टाळ्या वाजवणाऱ्यांना तो मारावा का लागला हेच आठवत नसेल, तर मला त्याचं वाईट वाटतं.

आणखी एका गृहस्थांचं मत वाचून तर मला धक्काच बसला. बंडाचा एक सूत्रधार प्लूटार्क याचं पत्र कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच वाचून दाखवतो ते त्यांना ‘आळशी पटकथा’ वाटलं. प्लूटार्कचं काम करणारे फिलिप सिमूर हॉफमन फेब्रुवारी २०१४मध्ये, चित्रीकरण पुरं होण्याआधी, वारले. त्यांचे जे प्रसंग राहिले होते, त्यांपैकी हा एक. संगणकावर त्यांचा चेहरा उभा करून बोलवून घेण्याऐवजी त्यांच्या वाटचे शब्द पत्रात घातले आणि हेमिचचं काम करणाऱ्या वुडी हॅरेलसनकडून वाचून घेतले. याला आळस म्हणत नाहीत. मत पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल, तो काही सिनेमाचा अभ्यासक नाही. पण पुरवणीच्या संपादकांना माहीत असायला हवं होतं. खाली एक ओळीची टीप दिली असती तर पुरे होतं.

कमाईचा मुद्दाही दोघांनी काढला आहे. आकडे बरोबर आहेत. दुसऱ्या चित्रपटाने जगभर सुमारे ८६ कोटी डॉलर मिळवले, शेवटचा ६५ कोटींच्या आसपास थांबला. एका पुस्तकाचे दोन सिनेमे करायला नको होते हे मलाही पटतं. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स यांनीही २०२३मध्ये त्याचा पश्चात्ताप होतो अशी कबुली दिली. एक वर्ष थांबवून ठेवल्याचा राग प्रेक्षकांच्या मनात होता. पण तो राग शेवटच्या काही मिनिटांवर काढणं बरोबर नाही. आणि या सिनेमांना ‘पोरांची मारामारी’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की २०१४मध्ये थायलंडमध्ये आणि २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्करी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांनी याच गोष्टीतली तीन बोटांची खूण उंचावली होती. थायलंडमध्ये त्यापायी विद्यार्थ्यांना ताब्यातही घेतलं गेलं.

आता थोडं तुमच्या चौकटीबद्दल. तिच्यावर ‘प्रिमचा मृत्यू आणि मांजराचा शेवट’ असा मथळा आहे. चित्रपटाला दहा वर्षं झाली, आता काय लपवायचं, असं तुम्ही म्हणाल. माझी भाची तेरा वर्षांची आहे आणि तिसरं पुस्तक सध्या वाचते आहे. निम्म्यापर्यंत आली होती. काल सकाळी पुरवणी आधी तिच्या हातात पडली. ती पुरवणी घेऊन माझ्याकडे आली आणि विचारलं, ‘आत्या, हे खरं आहे?’ मला खोटं बोलता आलं नाही. तिची दुसरी आत्या गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती, तिला तिचं काही आठवत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मग मांजर कुणाकडे राहतं?’ वाचशील तेव्हा कळेल, असं मी म्हटलं. पण पुस्तकातली खूण कालपासून हललेली नाही.

प्रेक्षकांची मतं जरूर छापा, माझ्या विरोधातली असली तरी छापा. फक्त कोण मरतं ते मथळ्यात घालू नका, आतल्या मजकुरात येऊ दे. आणि हे पत्र छापायला जागा कमी पडली तर कमाईचा परिच्छेद काढा, फोनचा राहू द्या.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक