इंजिनवाल्या होड्यांवरील सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, नर्मदेच्या फुगवट्यावर डिझेल इंजिनाच्या होड्या चालवणाऱ्यांनी कानांची काळजी घ्यावी. ८५ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) आवाज दिवसाला ८ तास, ही तज्ज्ञांनी सांगितलेली मर्यादा. ८८ झाला की ती ४ तासांवर येते. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज जास्त आहे असं धरा. त्यासाठी आवाज मोजायचं मीटर लागत नाही.

आतल्या कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. गोळी नाही, इंजेक्शन नाही. आधी बारीक आवाज जातात: पाखरं, लेकरांचं बोलणं. मग रात्री कानात शिट्टी वाजते, झोप मोडते. रक्तदाबही वाढू शकतो. आणि पाण्यावर जोडीदाराची हाक ऐकू न येणं म्हणजे जिवाशीच गाठ.

कापसाचा बोळा पुरत नाही. मेडिकलमधून इअरप्लग आणा. सायलेन्सर काढून इंजिन चालवणं आजपासून बंद. इंजिनाजवळ एकच माणूस दिवसभर बसवू नका, पाळी बदला. कानात शिट्टी वाजत असलेल्यांनी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात कान दाखवावेत.

— सचिव